प्रश्न तुमचे: होंडुरासचं जलशुद्धीकरण, शहापूरची वाळू आणि टीसीएलचा हिशोब

गेल्या अंकात एक छोटं टिपण होतं: अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनातून मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या गावांमध्ये विजेशिवाय चालणारी जलशुद्धीकरण केंद्रं कशी उभी राहिली. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. बहुतेक पत्रं इंजिनिअरिंगच्या मुलामुलींची आहेत, काही घरच्या पाण्याची काळजी असलेल्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: वीज नसताना ही केंद्रं चालतात म्हणजे नेमकं काय होतं? आणि यात विद्यार्थ्यांचा वाटा खरंच किती? की नाव विद्यार्थ्यांचं आणि काम कंत्राटदाराचं?
– सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर: शंका रास्त आहे. अ‍ॅग्वाक्लारा हा या केंद्रांमागचा उपक्रम कॉर्नेलमध्ये २००५ साली डॉ. मन्रो वेबर-शर्क यांनी सुरू केला. विद्यार्थी तिथे जाऊन विटा रचत नाहीत. ते प्रयोगशाळेत एकेका भागावर संशोधन करतात, आराखडे तयार करतात, सुट्टीत जाऊन चालू केंद्रं बघतात आणि तिथे दिसलेले दोष घेऊन परत प्रयोगशाळेत बसतात. बांधकामाची बाजू होंडुरासमधली ‘अग्वा पारा एल पुएब्लो’ ही संस्था सांभाळते. केंद्र चालवते ती गावाची निवडून आलेली पाणी समिती. पाणीपट्टी तीच गोळा करते आणि ऑपरेटरचा पगारही तीच देते. आमच्या मते इतर विद्यार्थी-प्रकल्प बंद पडले आणि हे टिकले, याचं निम्मं कारण या वाटणीत आहे.

आता पाण्याचा प्रवास. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी उताराने येतं आणि पहिल्या टाकीत पडतं. तिथे एका उभ्या पीव्हीसी पाइपला ठराविक मांडणीत भोकं पाडलेली असतात, खाली जास्त आणि वर कमी. त्यामुळे टाकीतली पातळी प्रवाहाच्या सरळ प्रमाणात चढते. पाणी दुप्पट आलं की पातळीही दुप्पट. या पातळीवर एक फ्लोट तरंगतो, फ्लोट तरफ हलवतो आणि तरफेला लावलेल्या बारीक नळीतून तुरटी किंवा पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण त्याच प्रमाणात पडतं. हाच डोस कंट्रोलर. पुढे आडव्यातिडव्या पडद्यांच्या वाटेने पाणी वळणं घेत जातं, गाळाच्या गुठळ्या धरतात. निवळण टाकीत पाणी सेकंदाला १ मिलिमीटर एवढ्या संथ गतीने वर चढतं आणि ६० अंशांत तिरक्या लावलेल्या, साधारण अडीच सेंटीमीटर अंतरावरच्या पत्र्यांमधून निवळून बाहेर येतं. गुठळ्या पत्र्यांवरून घसरून खाली जातात.

सगळ्यात देखणा भाग गाळणीचा. नेहमीच्या जलद वाळू गाळणीला धुण्यासाठी गाळण्याच्या वेगाच्या कितीतरी पट वेगाने उलटं पाणी सोडावं लागतं. त्यासाठी आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांत पंप, नाहीतर उंचावरची टाकी लागते. यांनी वाळूचे २०-२० सेंटीमीटरचे सहा थर एकावर एक ठेवले आणि मधेमधे भोकं पाडलेल्या नळ्या घातल्या. गाळताना पाणी सहा थरांत वाटलं जातं, प्रत्येक थरात वेग सेकंदाला १.८ मिलिमीटर. धुताना तेच सगळं पाणी एकट्या खालच्या नळीतून वर सोडतात. वेग आपोआप सहापट, म्हणजे जवळपास ११ मिलिमीटर होतो आणि वाळू उचलली जाते. ना पंप, ना जादा पाणी. शेवटी क्लोरीन, तेही तशाच तरफेने.

मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईत येतं ते भोकरपाड्याच्या केंद्रातून. कॉलेजमार्फत महापालिकेला पत्र देऊन ते एकदा बघून या. यंत्रसामग्री वेगळी असली तरी क्रम हाच आहे, आणि ‘फ्लॉक’, म्हणजे गाळाच्या या गुठळ्या, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुस्तकातली आकृती डोक्यात शिरत नाही.

प्रश्न: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही त्याच डोस कंट्रोलरचं मॉडेल केलं. फ्लोट, लाकडी तरफ, फिश टँकची नळी, सगळं जागेवर आहे. पण प्रवाह दुप्पट केला की तुरटीचं द्रावण दुप्पट पडत नाही. कधी दीडपटीच्या आत राहतं, तर कमी प्रवाहाला कधी कधी पडतच नाही. सर म्हणतात तरफेची लांबी चुकली.
– चार विद्यार्थी, कळवा

उत्तर: तरफेला हात लावू नका. तुमच्या वर्णनावरून दोष नळीत दिसतो. तरी क्रमाने जाऊ.

आधी भोकांचा पाइप तपासा. पाणी ५, १०, १५ आणि २० सेंटीमीटरवर स्थिर करून बादली आणि स्टॉपवॉचने प्रवाह मोजा. तो १:२:३:४ यायला हवा. येत नसेल तर भोकांच्या कडांना ड्रिलची बर, म्हणजे खरखरीत कड, राहिलेली असते. सँडपेपरने साफ करा. एकच मोठं भोक पाडून काम भागवलं असेल तर ते कधीच सरळ प्रमाणात चालणार नाही. भोकातून जाणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाने वाढतो.

मग शून्य जुळवा. टाकीत पाणी सर्वांत खालच्या भोकांशी असताना तरफ आडवी हवी आणि नळीचं तोंड द्रावणाच्या छोट्या डब्यातल्या पातळीच्या बरोबर समोर हवं. या डब्यातली पातळी स्थिर ठेवायला कूलरचा फ्लोट व्हॉल्व पुरतो, पण प्लॅस्टिकचा घ्या. पितळेचा तुरटीने खाल्ला जातो. नळीचं तोंड हवेत मोकळं असावं, पाण्यात बुडालेलं नको.

आता नळी. हा सगळा खेळ नळीतला प्रवाह संथ, थरांचा राहण्यावर आहे. तसा राहिला तरच प्रवाह उंचीच्या सरळ प्रमाणात वाढतो. ३ मिलिमीटर आतला व्यास, २ मीटर लांबी आणि २० सेंटीमीटर उंची धरली तर २५ अंश तापमानाला सेकंदाला साधारण २.२ मिलिलिटर पडतं आणि रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह संथ की खवळलेला ते सांगणारा) हजाराच्या आसपास येतो. हे चालतं. पण नीटनेटकं दिसावं म्हणून नळी अर्ध्या मीटरवर कापली, तर त्याच उंचीला आकडा ४००० कडे जातो आणि प्रवाह खवळतो. मग उंची दुप्पट केली की द्रावण १.४ ते १.५ पट. तुमची ‘दीडपट’ इथून आली. लांब नळी लावा. ती गुंडाळू नका, सरळ ताणून ठेवा. प्रत्येक वळण आणि चिमटा थोडी थोडी उंची खातो.

व्यासाकडेही बघा. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर जातो, म्हणजे ३ ऐवजी ३.२ मिलिमीटर असला तरी द्रावण सुमारे २९ टक्के जास्त. दुकानदाराच्या ‘तीन एमएम’वर विसंबू नका. दहा मीटर नळी पाण्याने भरून वजन करा. बरोबर ३ मिलिमीटरची असेल तर आत ७०.७ ग्रॅम पाणी मावतं. नागदेवी स्ट्रीटला गेलात तर तीन-चार दुकानांचे तुकडे आणा आणि वजन करूनच नळी ठरवा.

कमी प्रवाहाला द्रावण थांबतं त्याचं कारण हवेचा बुडबुडा. उंचीच दोन-तीन सेंटीमीटर असते, बुडबुडा ढकलायला ती पुरत नाही. नळी सुरुवातीला वरून दाबाने भरा आणि तिला कुठेही मधेच उंचवटा येऊ देऊ नका. द्रावण जुन्या सुती कापडातून गाळा आणि पिंपाच्या तळापासून किमान पाच सेंटीमीटर वरून घ्या.

तापमान अहवालात लिहायला विसरू नका. पाणी २० अंशांचं ३० झालं की चिकटपणा घटून त्याच उंचीला सुमारे २५ टक्के जास्त द्रावण जातं. जानेवारीत कॅलिब्रेट केलेलं मॉडेल मेच्या परीक्षेत परीक्षकांसमोर फसतं ते असं.

प्रश्न: जार टेस्टमध्ये (वेगवेगळ्या जारमध्ये तुरटीचे वेगवेगळे डोस टाकून बघण्याच्या चाचणीत) ओढ्याचं पाणी फेब्रुवारीत छान निवळलं. जुलैत तेच पाणी आणलं, तुरटी लिटरला ३० मिलिग्रॅमपासून ८० पर्यंत नेली, तरी गुठळ्या धरत नाहीत. तुरटी किराणा दुकानातली आहे.
– प्रयोगशाळा सहायक, कोपरखैरणे

उत्तर: तुम्ही तुरटी वाढवत गेलात, तिथेच बिघडलं. तुरटीला काम करायला पाण्यात क्षारता, म्हणजे आम्ल शमवण्याची ताकद, लागते. १ मिलिग्रॅम तुरटी, तिच्या प्रकारानुसार, साधारण एक तृतीयांश ते अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. फेब्रुवारीत ओढ्यात असतं ते जमिनीतून झिरपलेलं पाणी, त्यात क्षारता भरपूर. जुलैत वाहतो तो जवळजवळ निव्वळ पाऊस. क्षारता लिटरला २० मिलिग्रॅम असताना ८० तुरटी टाकली की ती संपते, सामू (पीएच) साडेपाचच्या खाली उतरतो, अ‍ॅल्युमिनियम विरघळलेलंच राहतं आणि पाणी गढूळच्या गढूळ.

उपाय असा. आधी क्षारता मोजा. मग भिजवून गाळलेला चुना द्या, ३० मिलिग्रॅम तुरटीमागे, तिच्या प्रकारानुसार, साधारण ७ ते ११ मिलिग्रॅम शुद्ध चुना. बाजारातला चुना तेवढा शुद्ध नसतो, म्हणून मोजून टाकल्यावर सामू बघायचाच, तो साडेसहा ते साडेसातमध्ये हवा. लिटमसच्या पट्टीवर अशा मऊ पाण्यात भरवसा ठेवू नका, मीटर वापरा. चुन्याची कटकट नको असेल तर पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घ्या, ते क्षारता कमी खातं.

दुसरी गोष्ट तुरटीची. किराण्यातली तुरटी पोटॅशची, तिच्यात अ‍ॅल्युमिनियम सुमारे ५.७ टक्के. पाणीपुरवठा केंद्रात वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम सल्फेटमध्ये ९ टक्क्यांच्या आसपास. एकावर काढलेला डोस दुसऱ्याला लावला की हिशोब दीडपट चुकतो. अहवालात कोणती वापरली ते नाव घालून लिहा.

पद्धत एकदा पक्की करून घ्या. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. सहा जार, सगळ्यांत एकदमच टाका, मिनिटभर १०० फेऱ्यांनी, मग २० मिनिटं ३० फेऱ्यांनी ढवळा, अर्धा तास स्थिर ठेवा. वरून पिपेटने पाणी काढून गढूळपणा मोजा. सर्वांत जास्त तुरटीचा जार सर्वांत स्वच्छ असेलच असं नाही. गरजेपेक्षा जास्त झाली तर कणांवरचा विद्युतभार उलटतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात.

प्रश्न: आमच्या कॉलेजचं एनएसएस शिबिर शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आहे. विहिरीच्या पाण्यासाठी बायोसँड फिल्टर बनवून द्यायचा विचार आहे. निळा प्लॅस्टिकचा ड्रम, रेती आणि खडी एवढंच लागतं ना?
– कार्यक्रम अधिकारी, ठाणे

उत्तर: लागतं एवढंच, पण त्यातली रेती ठरवते की तो फिल्टर होणार की नुसतं रेतीचं पिंप. हा फिल्टर कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या डॉ. डेव्हिड मान्झ यांनी १९९० च्या दशकात घरगुती वापरासाठी आणला. संथ वाळू गाळणी त्याआधीपासून होतीच. त्यांनी ती थांबून थांबून चालेल अशी केली. वाळूच्या वरच्या थरात सूक्ष्मजीवांची एक साय धरते आणि ती रोगजंतू खाते. साय जगली तर फिल्टर चालला.

खाडीची रेती घेऊ नका, तिच्यात मीठ आणि सडका पाला असतो. क्रशरची दगडी कच चांगली. ०.७ मिलिमीटरच्या चाळणीतून पडेल तेवढीच घ्या. वर राहिलेली, ६ मिलिमीटरपर्यंतची, मधल्या थराला. ६ ते १२ मिलिमीटरची खडी तळाला. तळाला ५ सेंटीमीटर, मधे ५ आणि वर बारीक वाळू अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. बारीक वाळू धुताना हात आवरा. काचेच्या बाटलीत वाळू-पाणी हलवून तीन-चार सेकंद थांबा. पाणी गढूळ असलं तरी वाळूचा पृष्ठभाग जेमतेम दिसायला हवा. स्फटिकासारखं स्वच्छ होईपर्यंत धुतलीत तर बारीक कण वाहून जातात आणि फिल्टर धावू लागतो. उत्साही स्वयंसेवक हमखास इथेच चुकतात. भरताना आधी पाणी, मग त्यात वाळू, म्हणजे हवा अडकत नाही.

बाहेर येणाऱ्या नळीचं तोंड वाळूच्या पातळीपेक्षा ५ सेंटीमीटर उंच ठेवा, म्हणजे बंद असतानाही वाळूवर तेवढं पाणी राहतं. जास्त राहिलं तर सायीपर्यंत प्राणवायू पोचत नाही, कमी राहिलं तर ती वाळते. म्हणून त्या तोंडाला तोटी बसवायची नाही आणि लांब रबरी नळीही लावायची नाही. तोटी लावली की पातळी चढते. नळी लावली की सायफन होऊन वाळू कोरडी पडते. पाड्यावर तुम्ही निघाल्यानंतर पहिल्या आठवड्यात कोणीतरी तोटी बसवतं, कारण हंडा भरायला सोयीची असते. नळीखाली हंडा नीट बसेल एवढा उंच ओटा आधीच बांधून द्या.

वेग मोजा. घरगुती मापाच्या, साधारण ३० सेंटीमीटर रुंद पेटीत वर पूर्ण पाणी भरलेलं असताना मिनिटाला ०.४ लिटरच्या वर नको, म्हणजे लिटरभर भरायला अडीच मिनिटं. २०० लिटरच्या ड्रमचं क्षेत्रफळ चौपट, तिथे मिनिटाला १.७ लिटरपर्यंत चालेल. पण ड्रमची भिंत लवचीक असते, उचलला की वाळू आणि भिंत यांत फट पडून पाणी तिथून निसटतं. ड्रम असेल तर एकदा भरल्यावर हलवायचा नाही. एका वेळी १२ लिटर, मग निदान एक तास थांबा. दोन दिवसांहून जास्त मोकळा ठेवू नका. साय पूर्ण धरायला महिनाभर लागू शकतो. वेग फार मंदावला की वरच्या पाण्यात हात फिरवून वाळूचा अगदी वरचा पापुद्रा ढवळा, गढूळ पाणी वाटीने काढून टाका. बस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच बाहेरच्या पुस्तिकांत आपल्यासाठी लिहिलेलं नसतं. पाड्याच्या विहिरीत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. क्लोरीन असलेलं पाणी फिल्टरमध्ये घातलं की साय मरते. म्हणजे एक तर टीसीएलची विहीर आणि फिल्टर नाही, नाहीतर दुसऱ्या स्रोताचं पाणी, फिल्टर आणि त्यानंतर टीसीएल. जलसुरक्षकाशी बसून हे आधी ठरवा. तो फिल्टरच्या विरोधात गेला तर शिबिर संपल्यावर फिल्टर कोंबड्यांची खुराडी होतील.

फिल्टरनंतर क्लोरीन हवंच. टीसीएल ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन. पोतं फोडून पावसाळ्यात ठेवलं की उतरत जातं, म्हणून २५ धरा. ४० ग्रॅम पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, मग लिटरभर करा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ घ्या. हे १ टक्का द्रावण. २० लिटर गाळलेल्या पाण्याला याचं ४ मिलिलिटर म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. अर्धा तास थांबून तपासा, लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरायला हवं. द्रावण रंगीत बाटलीत, सावलीत आणि आठवड्याला नवं. पाण्याची रासायनिक तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत करून घ्या.

प्रश्न: बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवलं की शुद्ध होतं असं वाचलं. खरं का?
– एक गृहिणी, नेरुळ

उत्तर: खरं, पण अटी आहेत. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात यावर सुरुवातीचं काम झालं, १९९१ पासून स्वित्झर्लंडच्या एआवाग संस्थेने ते पुढे नेलं. स्वच्छ, ओरखडे नसलेली पेट प्लॅस्टिकची बाटली, २ लिटरपर्यंतची, आडवी, पत्र्यावर ठेवलेली. भर उन्हात ६ तास. अर्ध्याहून जास्त आभाळ असेल तर सलग दोन दिवस. पाणी गढूळ असेल तर नाही. बाटली उभी करून खाली वर्तमानपत्राचा मथळा ठेवा; वरून बघताना तो वाचता आला तर पाणी चालण्याजोगं. नेरुळमध्ये जून ते सप्टेंबर ही पद्धत सोडून द्या. आणि तुमच्या नळाचं पाणी क्लोरीन घालूनच येतं, त्याला हे करण्याची गरज नाही. टाकी धुतली आहे का, ते बघा.

प्रश्न: माझी आजी लुगड्याच्या घडीतून पाणी गाळायची. नातू म्हणतो हे अवैज्ञानिक.
– एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर: नातवाला बांगलादेशातल्या मतलबचा अभ्यास वाचायला द्या. डॉ. रिटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या या कामात जुन्या सुती साडीच्या घड्या घालून पाणी गाळणाऱ्या घरांमध्ये पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या अतिसूक्ष्म कवचधारी जिवांना चिकटून राहतात आणि तेच कापडात अडकतात. साडी जुनीच हवी, धुऊन धुऊन धागा फुगलेला असतो. मोकळे सुटलेले जंतू मात्र कापडातून आरपार जातात, त्यामुळे कावीळ किंवा टायफॉइडला याचा भरवसा नाही. गाळल्यावर उकळा किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) घाला.

प्रश्न: भातसा आणि तानसा धरणं शहापुरात, आणि तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर. असं असताना आपल्या मुलांनी मध्य अमेरिकेची कौतुकं का वाचावीत? फोटोसाठी परदेशी जाणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत.
– निवृत्त अभियंता, वागळे इस्टेट

उत्तर: टोला बरोबर बसतो, पण दोन प्रश्न एकत्र झालेत. टँकरच्या पाड्यांवर मेमध्ये शुद्धीकरणाचा प्रश्न नंतरचा असतो, आधी पाणीच नसतं. तिथे होंडुरासचं केंद्र उचलून आणणं चूक ठरेल, कारण ते बारमाही ओढ्यासाठी आहे. टँकरच्या गावाला झऱ्याचा अभ्यास, विहिरीचं पुनर्भरण, नळयोजना कुठे गळते याचा शोध लागतो. पवईच्या आयआयटीतलं ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र अशा कामात आपल्या विद्यार्थ्यांना उतरवतं. त्यात परदेशवारी नाही, म्हणून कदाचित त्याची बातमी होत नाही.

घेण्यासारखं आहे ते कामाची रीत. अमेरिकेतली २००२ साली सुरू झालेली ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संघटना विद्यार्थी गटांकडून एका गावाशी किमान पाच वर्षांचं नातं मागते. आपल्याकडचं सात दिवसांचं शिबिर त्यापुढे फारच तोकडं. एखादा गट पाड्यावर जायला निघाला तर त्याला तीन गोष्टी विचारा: तुरटी आणि टीसीएल दर महिन्याला कोण, कशाच्या पैशाने आणणार, तुटलेला भाग जवळच्या बाजारात मिळतो का, डोस चुकला हे चालवणाऱ्याला डोळ्यांनी कसं कळणार. सेकंदाला एक लिटर पाणी देणाऱ्या छोट्या केंद्राला ३० मिलिग्रॅमने दिवसाला सुमारे २.६ किलो तुरटी लागते, म्हणजे महिन्याला ५० किलोचं दीड पोतं. ते पोतं कोणाच्या खांद्यावरून चढणार हे ज्या आराखड्यात नाही, तो आराखडा परत करा.

प्रश्न: मुलगी जर्मनीतल्या विद्यापीठाच्या गटाबरोबर टांझानियात फ्लोराइडच्या पाण्यावर काम करायला चालली आहे. आपल्याकडचं काही उपयोगी पडेल का?
– पालक, सानपाडा

उत्तर: चांगलंच पडेल. नागपूरच्या नीरी संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केलेली नळगोंडा पद्धत आफ्रिकेतही वापरली गेली. पाण्यात आधी चुना, मग तुरटी. ढवळणं, निवळणं, गाळणं. चुना तुरटीच्या सुमारे विसाव्या भागाइतका. तुरटी मात्र गढूळपणासाठी लागते त्याच्या कितीतरी पट, लिटरला शेकडो मिलिग्रॅम. पद्धत मार खाते ती इथेच: पोती लागतात, गाळ साठतो, तो टाकायचा कुठे हा प्रश्न उरतो आणि डोस चुकला तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरतं. टांझानियात अरुशाजवळच्या न्गुर्डोटो केंद्रात हाडांच्या कोळशावर काम झालं आहे. तो स्वस्त आणि प्रभावी, पण कमी तापमानाला भाजला तर पाण्याला वास येतो, आणि हाड कोणत्या जनावराचं हे लोक विचारतातच. मुलीला गावात पहिल्या दिवशी हे विचारायला सांगा, शेवटच्या दिवशी नको.

कोणी आर्सेनिकवर काम करायला निघालं असेल तर त्यांच्यासाठी एक पुरवणी. एमआयटीच्या सुसान मर्कॉट यांच्या गटाने नेपाळमध्ये कांचन फिल्टर आणला: बायोसँडच्या वरच्या तबकात सुमारे ५ किलो लोखंडी खिळे. गंज आर्सेनिक धरतो. पाण्यात फॉस्फेट जास्त आणि लोह कमी असेल तर तो कमी पडतो, कंबोडियात तसं दिसलं. खिळे गॅल्वनाइज्ड घेतले तर गंजणारच नाहीत.

मुलीच्या बॅगेत स्टॉपवॉच, मोजपात्र, क्लोरीन तपासायचं डीपीडी किट आणि एच-टू-एस बाटल्या असू द्या. या बाटल्यांची चाचणी १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मांडली. पाणी भरून गरम जागी २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं झालं तर मैलामिश्रणाचा संशय. मुळातच गंधकाचा वास असलेल्या बोअरच्या पाण्याला मात्र ही चाचणी उगाच काळी येते.

प्रश्न: सोसायटीची टाकी धुऊन टीसीएल टाकली. क्लोरीनचा वास नाकाला झोंबतोय, आणि डीपीडीची गोळी टाकली तर रंगच नाही. गोळ्या खराब का?
– सोसायटी सचिव, सीबीडी बेलापूर

उत्तर: गोळ्या बऱ्या आहेत, क्लोरीन जास्त झालंय. फार जास्त असलं की ते डीपीडीचा गुलाबी रंगच उडवून टाकतं आणि आकडा शून्य दिसतो. एक भाग टाकीचं पाणी, नऊ भाग क्लोरीन नसलेलं बाटलीचं पाणी, असं मिसळून पुन्हा तपासा आणि आलेला आकडा दहाने गुणा. जुन्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टचा पिवळा रंग बघत असाल तर पहिल्या दहा सेकंदांतच वाचा, नंतर संयुक्त क्लोरीनही त्यात रंग भरतं. आकडा खाली येईपर्यंत टाकी अर्धी सोडून ताजं पाणी घ्या. आणि पुढच्या वेळी पावडर मुठीने न टाकता वजन करून टाका: ५००० लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम हवं असेल तर २५ टक्क्यांची टीसीएल ४० ग्रॅम.